शनिवारच्या बोटीचं कार्ड

अर्धवट राहिलेली गोष्ट ज्यांना खरोखर सोसवत नसे, असे अख्ख्या रत्नागिरीत एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते माझ्या थोरल्या वहिनीचे वडील होते. सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली, निवृत्त झाल्यावर ते लोकांकडे वळले. एसटीत पुढच्या बाकावरचे दोघे बोलता बोलता मध्येच उतरले, तर हेही त्यांच्यामागून उतरत. पालीला लग्नाला म्हणून निघालेले एकदा असे हातखंब्यालाच उतरले आणि पालीत पोचले तेव्हा मांडवात भांडी घासणं चाललं होतं. उपाशीपोटी परत आले, पण त्या दोघांची म्हैस शेवटी कोणाकडे राहिली ते कळलं म्हणून खुशीत होते.

ऐंशी सालाच्या आसपास त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून एक आरसा आणला. हलणारी काच घट्ट करायला मागची फळी काढली, तर आतून पोस्टकार्ड निघालं. पत्ता जयगडचा, नाव ओल लागून पुसलेलं. मजकूर मात्र स्वच्छ होता: ‘चि. भाऊस आशीर्वाद. शनिवारच्या बोटीने येत आहे. बरोबर धाकटी आहे. आता परत जायचे नाही. धक्क्यावर कोणीतरी यावे. यावेच. आक्का.’

झालं. आक्काला न्यायला कोणी गेलं होतं की नाही, हा प्रश्न घरात मुक्कामाला आला. जेवताना त्यांचा घास हातातच राही. कार्ड निदान तीस वर्षांपूर्वीचं, त्या माणसांचं व्हायचं ते होऊन गेलं, असं वहिनीने परोपरीने समजावलं. तर म्हणाले, “अगो, तीस वर्षं तुला झाली. ती बाई अजून धक्क्यावर उभी आहे.”

जयगडच्या पहिल्या फेरीत त्यांना चार भाऊ सापडले, कारण कोकणात घरटी एक भाऊ असतोच. त्यातल्या एकाने धक्क्यावर गेल्याचं शपथेवर सांगितलं, पण ते सासूला आणायला. दुसऱ्या फेरीत त्याच चौघांकडे पुन्हा कोकमाचं सरबत पिऊन आले. तिसऱ्या फेरीला वहिनीने मला सोबत धाडलं. त्या दिवशी एका दुकानदाराने सांगितलं की आणखी एक भाऊ होते, ते वारले. पण त्यांची आक्का आहे, बंदराकडे राहते, परकर-पोलकी शिवते.

आक्का सत्तरीच्या होत्या. शिवणयंत्र थांबवून त्यांनी कार्ड हातात घेतलं. भाच्याने अडगळीत काढलेला आरसा रत्नागिरीला पोचला, याचं त्यांना नवल वाटलं. वहिनीच्या वडिलांना मात्र धीर नव्हता. न्यायला कोणी आलं होतं का, हे त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

“कोण येणार? टाकलंच नाही मी ते.” आक्कांनी कार्ड उलटून दाखवलं. त्यावर पोस्टाचा शिक्का नव्हता. भिंगातून अक्षर न् अक्षर वाचलेल्या आमच्या गृहस्थांच्या नजरेतून तेवढंच निसटलं होतं.

“कळवूनही कोणी आलं नसतं, तर पोरीला घेऊन कुठल्या तोंडाने दारात जाणार होत्ये? म्हणून न कळवताच आल्ये. मग धक्क्यावर कोणी दिसलं नाही त्याचं काही वाटलं नाही.” भावाने पुढे काही कमी पडू दिलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण कार्ड काही फाडवलं नाही, म्हणून आरशाच्या फळीमागे सारून ठेवलं होतं.

वहिनीच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली. मग हळूच म्हणाले, “मी आलो असतो हो.”

“आलात की,” आक्का म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. जन्मभर लोकांना प्रश्न विचारत आलेला तो माणूस टोपी हातात घेऊन नुसता बसून राहिला. ते मला सगळ्यात जास्त आवडले ते त्या दिवशी.