शेजारच्या खुर्चीतल्या सुनेत्राबाई

खरं सांगतो, सुनेत्राबाईंचा मला हेवा वाटतो. आज नाही, गेली सोळा वर्षं.

आमच्या रत्नागिरीच्या केबलवर दर डिसेंबरात एका रविवारी डायलिसिसच्या रुग्णांसाठी देणग्यांचा कार्यक्रम होतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, थेट. मुख्य निवेदक मी, गुरुप्रसाद. कोट माझा, प्रस्तावना माझी, मुलाखती माझ्या. शेजारच्या खुर्चीतल्या सुनेत्राबाईंनी करायचं काय, तर देणगीदारांची नावं वाचायची. बस्स! आणि लोक फोनवर विचारणार काय? "बाई आहेत ना? त्यांनाच वाचायला सांगा हां."

बाईंनी तीस वर्षं पोस्टात टपाल लावलं. कुठल्या वाडीत कोण, सगळं तोंडपाठ. चिठ्ठीवर नुसतं 'काशीराम, हातखंबा' असलं, तर फोनवरच्या मुलीला म्हणणार, "वाडी विचार गो." मग वाचणार, "खालच्या वाडीतले काशीराम, तुळसाकाकूंचे थोरले. काकूंचा गुडघा बरा आहे ना?" लगेच त्या वाडीतून आणखी चार फोन! माझ्या आईचं नावही त्यांनी असंच वाचलं होतं, माहेरच्या वाडीसकट. आई अजून ते सांगत असते. माझ्या निवेदनाबद्दल अवाक्षर नाही.

यंदा मी मालकांचे कान भरले. "बाई थकल्या आता. नवा चेहरा घेऊ." थकल्या कसल्या! रोज भाट्याच्या पुलावरून चालतात. पण मालकांना पटलं आणि वेदिका आली. बाईंना मीच कळवलं. म्हणाल्या, "बरं झालं हो, एकदा घरी बसून बघेन तुम्हाला." भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वेदिकानं नावं धडाधड वाचली. दुपारपर्यंत जे फोन आले ते एकच विचारायला, "बाई बऱ्या आहेत ना?" माझ्या अंगाची नुसती आग आग! त्यात यंदा डायलिसिसचं दुसरं मशीन घ्यायचं होतं. संगमेश्वरहून आठवड्यातून दोनदा येणारी माणसं समोरच बसली होती, आणि त्यांचं मशीन माझ्या जळफळाटापायी जाणार होतं.

चार वाजता चिठ्ठी आली, 'सुनेत्रा. गुरुप्रसादनी वाचावं.'

मी रुबाबात सुरुवात केली, "आपल्या सर्वांच्या सुनेत्राबाई, मूळच्या..." आणि अडलो. गाव कोणतं? वाडी कोणती? सोळा वर्षं कोपराला कोपर लावून बसलो, त्यांच्या डब्यातली घावनं हाणली, पण हे कधी विचारलंच नव्हतं. आणि कॅमेरा चालूच.

"मला माहीत नाही हो," मी म्हटलं. "कुणीतरी सांगा."

आणि फोन घणघणायला लागले! "गुहागर, खालचा पाट. एवढं ठाऊक नाही होय?" सगळे मला झापत होते, आणि फोन केलाच आहे तर देणगीही लिहवत होते. सहापर्यंत मशीनची सोय झाली. घरी बसूनसुद्धा कार्यक्रम बाईंनीच नेला, शिंचं!

सोमवारी सकाळी मी त्यांना परत बोलवायला निघालो. घराचा पत्ता वेदिकाला विचारावा लागला; ती आदल्या संध्याकाळीच बाईंना भेटून आली होती.