झाफिरा मावशीची मूठ

संत पेटकाच्या सणाचा रस्सा आज कडू झाला आणि खापर झाफिरा मावशीवर फुटलं. राग शांत झाल्यावर लिहीन म्हटलं होतं, होत नाही.

मावशी चौऱ्याहत्तरची. लग्न होऊन या गावात आली, तेव्हा सासूने तिला चर्चमागच्या, सणाचा रस्सा शिजतो त्या हंड्यापाशी उभं केलं. ती अजून तिथेच आहे. वर्षातून दोनदा सगळ्या गावासाठी हंडा चढतो: मे महिन्यात संत जॉर्जच्या सणाला कोकरू, ऑक्टोबरात पेटकाच्या सणाला मेंढी. माप एकच, स्वतःची मूठ. हंड्याला आठ मुठी पुदिना. नवरा गेला त्या वर्षीही डोळे पुसून ती चुलीशी आली होती.

मग समाजमंदिरात नवी चिटणीस आली, व्हिओलिना. तिला सगळं कागदावर हवं. मे महिन्यात तिने मावशीची मूठ वजनकाट्यावर रिकामी करायला लावली.

"वीस ग्रॅम! आठ मुठींचे एकशे साठ. झालं, मावशी. आता तुमच्यावाचून अडायचं नाही."

"मेले की काय मी, बाई?" मावशी हसली होती.

तो पुदिना अंगणातून नुकताच खुडलेला, दवाने ओला. ऑक्टोबरात असतो तो माळ्यावर वाळलेल्या जुड्यांचा चुरा. व्हिओलिनाने काल त्याच कागदावरून एकशे साठ ग्रॅम चुरा तोलला. लहान उशीएवढी पिशवी! सकाळी ती बघून मावशी ओरडलीच.

"अगं, एवढ्यात सहा सण होतील!"

"काटा खोटं बोलत नाही, मावशी. तुम्ही नुसतं ढवळा." आणि पिशवी हंड्यात उपडी. मी शेजारीच कांदे सोलत होते.

फादर अनानींनी हंड्याला आशीर्वाद दिला, लोक भांडी घेऊन रांगेत आले. पहिल्याच घोटाला मिल्को सुताराचं तोंड वाकडं झालं. "रस्सा आहे की खोकल्याचा काढा?"

व्हिओलिना लगेच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "काय करणार, मावशींचं वय झालं. हात थरथरतो. पुढच्या सणाला दुसरं कुणी बघू." आणि मावशीच्या हातातला डाव तिने काढूनही घेतला.

मावशी रिकाम्या हाताने हंड्यापासून मागे सरली.

मला राहवलं नाही. व्हिओलिनाचाच काटा टेबलावर आदळला. मावशीने घरून आणलेला चुरा तसाच पुरचुंडीत होता. तिला एक मूठ काट्यावर टाकायला लावली. तीन ग्रॅम!

"आठ मुठींचे चोवीस. तू घातलेस एकशे साठ! ओल्या पाल्यात पाण्याचं वजन असतं, एवढं कळत नाही? आता सांग, कुणाचा हात थरथरला?"

"जाऊ द्या ना काकू, सणाचा दिवस आहे."

"सणाच्याच दिवशी म्हातारीच्या माथी मारलंस ना?"

फादर मध्ये पडले. "झाफिराबाई, डाव तुमचाच. घ्या, वाढा."

मावशी जागची हलली नाही. "आधी हिने बोललेलं मागे घ्यावं. इथेच."

"चूक माझी," व्हिओलिना पुटपुटली.

"रांगेच्या टोकाला ऐकू गेलं नाही!" मिल्को.

"चूक माझी होती! मावशींची नाही!"

तेव्हा कुठे मावशीने डाव घेतला. आशीर्वाद मिळालेलं अन्न आमच्याकडे कुणी फेकत नाही, पाप लागतं. तिने व्हिओलिनाचं भांडं पुढे ओढलं आणि काठोकाठ भरलं.

"घरी ने, पोरी. थेंबही टाकायचा नाही."