गॅलरीतलं आदर्श गाव

आदर्श गाव म्हटल्यावर तुम्ही लगेच माड, कौलं, सारवलेलं अंगण बघायला लागलात ना? पुसा ते. आमचं आदर्श गाव घोडपदेवच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आहे आणि ते चालवतात शेजारचे काका. गावावर एवढा जीव टाकणारा आणि गावात एवढा कमी राहिलेला माणूस अख्ख्या मुंबईत सापडायचा नाही.

सरकारच्या आदर्श गाव योजनेत कोकणातल्या त्यांच्या गावाचं नाव लागलं आणि गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष म्हणून काकांनी गॅलरीच्या लादीवर खडूने गावाचा नकाशाच काढला. दूधवाला जरा सरळ आला की ओरडायचे, "अरे, शाळेवर पाय देतोस!" सकाळी सातला सरपंचबाईंना व्हिडिओ कॉल. "नमस्कार ऱ्हवां दे गो, कॅमेरो खाली घे. गटार दाखय." गटार चकाचक दिसलं तरी काकांचं पुढचं वाक्य ठरलेलं, "हां. आणि पलीकडचां?" शाबासकी त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलेली नाही.

तपासणी समिती यायला तीन दिवस उरले आणि काकांचा आवाज बसला. साफ! आदर्श गावाचा पुरस्कार हातचा जातो म्हणून माणूस रडवेला. आता, तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात अर्धी सुट्टी जाहीर केलेला मी गप्प बसणार होय? साधा फोन लावला आणि काकांच्या आवाजात गटारं, शाळा, कचरा, सगळ्यावरून झकास ओरडलो. काकांचा अंगठा वर. दोन दिवस मस्त चाललं. समितीच्या आदल्या दिवशी काका गुळण्या करायला आत गेले आणि मला सरपंचबाईंची उगाच दया आली. म्हटलं, "शाब्बास गो! छान काम केल्यात."

पलीकडून हुंदका. "काका, असां काय बोलतात? बरे आसात मा?"

"बरो आसंय गो," मी आणखी गोड आवाजात म्हटलं, आणि तिथंच बिघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जीप, एसटी, मिळेल ते पकडून गाव चाळीत हजर. काका शेवटच्या घटका मोजतायत म्हणून! खडूच्या शाळेवर, खडूच्या देवळावर खरी माणसं उभी. दुपारी ग्रामसेवकांचा फोन: समितीला लख्ख गटारं आणि एक कुत्रा भेटला. लोकसहभागाला शून्य गुण. पुरस्कार गेला.

काकांनी माझा कान धरला, त्यात कुजबुजले आणि खुणावलं, मोठ्याने बोल. म्हणजे माझा ओरडा मीच, काकांच्या आवाजात, मला दिला: "मेल्या, तुका शानपणा कोणी सांगितलेलो? माणसांशिवाय गाव आदर्श कसो होतलो?" गाव हसून लोळलं.

कान मात्र सुटेना. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे सावकाश बघून घेतलं आणि परत कुजबुजले, "यांका सांग, गाव झकास ठेवल्यात."

मी घसा खाकरला.

"माझ्या आवाजात नको रे, मेल्या. परत घाबरतले."