अंगठ्याला कळणारं पान

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. बाबा ती छापून आणायचे, आम्ही भावंडं घड्या घालायचो. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे असेल, एखादं वाक्य ठाम असलं की मला ते खरंच वाटायचं.

एका उन्हाळ्यात मी गोंदियाजवळच्या कुडव्याहून रेल्वेने दरेकसा गावाला जाऊन मुलींना इंग्रजी शिकवायचे. इंग्रजी कुणाच्या बापाची नाही, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. साधन एकच, माझा मोबाइल. तिथे नेटवर्क मिळत नसे, म्हणून व्हिडिओ घरूनच उतरवून न्यायचे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेने ओळखीतून आम्हाला एक व्हिडिओ पाठवला होता: जाळं विणणारी बाई, आणि मागे मुलांचं इंग्रजी. त्यांना मराठी येत नव्हती, आम्हाला तमिळ. परीक्षेशिवाय इंग्रजीची गरज मुलींना पहिल्यांदाच पडली. उत्तर पाठवायचं ठरलं.

दहावीत जाणाऱ्या एका मुलीने आपल्या आईला निवडलं. आई अंगणात बिडीसाठीच्या तेंदूपानांचे पुडे बांधायची. आम्ही तिचं काम टिपलं, वाक्यं मी लिहून दिली, मुलीने चार दिवस घोकून आवाज दिला. पाठवण्याआधी आईला दाखवायला गेलो. आधी जाळ्याचा व्हिडिओ लावला, मग तिचा.

तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग लेकीला विचारलं, "का सांगून राहिली वो माह्याबद्दल?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"सांग ना. इंग्रजीत त फाडफाड बोलली."

"माझी आई गरीब आणि असहाय आहे. तिचं शोषण होते..."

"असहाय म्हंजे?"

"म्हंजे ज्याले कोणी नाही."

"मंग तू कोन? शेजारीन?"

मला हसू आलं, पण ती माझ्याकडे वळली. "बाई, गरीब आहो, खोटं नाही. पन थ्या जाळंवालीच्या पोरायनं तिले असं म्हनलं का? हे नाही पाठवाचं."

मुलीचा चेहरा उतरला. मी वाद घातला. शोषण लपवायचं का मग?

"लपवा कायले? पन मी का करून राहिली, थे त आधी पाहा!"

तिने जाळ्याचा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मध्येच म्हणाली, "थांबवा. मोजपट्टी नाही, काही नाही. भोकं सारखे कसे येतेत?"

तो व्हिडिओ मी वर्गात कितीदा तरी दाखवला होता. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मी जाळ्याच्या व्हिडिओचा वेग कमी केला, तरी उलगडलं नाही. "माहे हात बी दाखवा असेच," ती म्हणाली. पडद्यावर तिचेही हात मंद झाले. अंगठा प्रत्येक पानावरून सरकत होता. ती लेकीशी बोलत होती, नजर भलतीकडे होती, आणि एक पान बाजूला पडलं.

"हे कायले टाकलं?" मुलीने विचारलं.

आईने तेवढाच तुकडा तीनदा पाहिला. "मालेच नाही मालूम!" मग ढिगातली पानं हातात घेऊन, डोळे मिटून तिने करून पाहिलं. "चिरलेलं असन, त अंगठ्याले कळते."

मुलीने माझी वाक्यं खोडली आणि आपली लिहिली. 'शी डज नॉट लुक. हर थम्ब नोज.' मी तिच्या वहीला हात लावला नाही.

"अन् भाव ठरवताना मले कोनी विचारत नाही, हे बी सांग," आई म्हणाली. "शेवटी. आधी काम." माझ्या सगळ्या पत्रकी वाक्यांपेक्षा हे एक जड होतं. त्याच्याही पुढे तिने जाळंवालीसाठी भोकांचा प्रश्न जोडायला लावला, आणि मगच पाठवायची परवानगी दिली.

गोंदिया स्टेशनवर उतरून मी व्हिडिओ पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. त्या मुलांनाही ते माहीत नव्हतं, त्यांना जाळं विणणाऱ्या बाईलाच विचारावं लागलं होतं. बाईने कॅमेऱ्यासमोर दोन बोटं जोडून धरली आणि त्यांच्यावरून सूत फिरवलं: प्रत्येक भोक तेवढंच.

दरेकसाच्या अंगणात आईने आपली दोन बोटं पडद्यावरच्या बोटांशेजारी धरली.

"माहे जाड आहेत," ती म्हणाली. "माह्या जाळ्यातून मासे पळतीन. विचार वो तिले, मंग का करू?"

मुलीने वही उघडली.