बबनभाऊ काय बोलले होते

बबनभाऊ गेले हे मला ओतूरच्या एसटी स्टँडवर कळलं. शाळा सुटल्यावर गाडीची वाट बघत उभी होते, तर एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटले आणि सहज म्हणाले, "बाई, कळलं का? डिंगोऱ्याचा तो बाईचा पार्ट करनारा बबन काल गेला." मी वरवर मान हलवली, पण अंगाचा तिळपापड झाला. सत्तरीला आलेला माणूस, आणि त्याची ओळख काय, तर तरुणपणी यात्रेच्या नाटकात चार वर्षं लुगडं नेसून उभा राहिला होता! पुढे अंथरुणाला खिळलेल्या बायकोला तो नऊ वर्षं रोज सकाळी आपल्या हातांनी लुगडं नेसवत होता, ते मात्र कुणाला आठवत नाही.

त्यांचा मुलगा संजय माझ्या वर्गात होता, म्हणून त्या घराशी माझी ओळख. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हा हौसाबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भावकीतल्या बायकांनी पंधरा दिवस आळीपाळीनं केलं आणि मग जो तो आपल्या कामाला लागला. सगळ्यांनी तोडगा एकच सुचवला, संजयचं लग्न उरकून टाका, सून येईल ती बघेल. पोरगा कॉलेजात, मिसरूड फुटलेली नाही, आणि याला सून! बबनभाऊ म्हणाले, "बायको माजी हाय. दुसऱ्याची लेक कशाला आनू तिचं काढायला?" आणि ते शिकले. पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर वळवायला, बसवून न्हाऊ घालायला, दुधात भाकरी कुस्करून घास भरवायला, वेणी घालायला. वेणी पहिल्या वर्षी वाकडी यायची, मग सरळ यायला लागली. पारावरची मंडळी म्हणायची, पार्ट करून करून बायल्या झाला. म्हणणाऱ्यांतल्या एकानंही कधी स्वतःच्या आईला पाण्याचा तांब्या भरून दिला नव्हता, हे मी नावानिशी सांगू शकते. सांगत नाही, कारण त्यांची नातवंडं माझ्याच शाळेत आहेत.

दोन हजार सालानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं हॉलंडच्या सहा नाटकवाल्यांना डिंगोऱ्यात आणलं. विषय होता, घरातल्या आजारी माणसाचं कोण करतं, बाई की पुरुष. तीन आठवडे त्यांनी गावात राहायचं, लोकांशी बोलायचं, आणि दोन्हीकडच्या लोकांनी मिळून एक प्रयोग उभा करायचा. मला इंग्रजी येतं म्हणून दुभाषी केलं. त्यांची दिग्दर्शिका मारिका, मोठी मनापासून काम करणारी बाई होती. तिला बबनभाऊंचा पत्ता मीच दिला. तिनं त्यांना हौसाबाईंचं सगळं करताना दोन दिवस नुसतं बसून पाहिलं, आणि म्हणाली, आपलं नाटक हेच. गंमत अशी, की काळजी कोण घेतं यावर गावच्या शाळेच्या पुढच्या व्हरांड्यात रोज चर्चा झडायची आणि मागच्या पडवीत गावातल्या चार बायका चुलीपुढे बसून तीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. तीन आठवड्यांत त्यांना पुढे या, बसा, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात प्रयोग झाला. त्यांचा एक सहा फुटी नट आजारी बाई होऊन बाजेवर पडला आणि बबनभाऊंनी त्याला कुशीवर वळवलं, अंग पुसलं, झोपल्या झोपल्या नऊवारी नेसवली. आधी शिट्ट्या झाल्या. कासोट्यापर्यंत आले तेव्हा पटांगण चिडीचूप होतं. मग आपल्याकडे होतं तेच झालं, शाल आणि नारळ! गावच्या पुढाऱ्यानं शाल उलगडली आणि बबनभाऊंनी ती अंगावर घालूच दिली नाही. माईक ओढला आणि म्हणाले, "माज्या आईनं माज्या आज्याचं बारा वर्सं हागनंमुतनं काढलं. हौसानं माज्या आईचं काढलं. त्यांना कुनी शाल दिली न्हाई. मी सात वर्सं केलं तर लगीच नवल झालं व्हय? आन् पावणं, तुमी लई लांबून आलात. तीन आठवडे जेवलात, त्या भाकऱ्या कुनी थापल्या, येकीचं तरी नाव ठावं हाय का तुमाला?"

मारिका माझ्याकडे बघत होती. संस्थेचे एक गृहस्थ माझ्या कानाशी लागले, "मॅडम, हे सगळं सांगू नका, पाहुण्यांना वाईट वाटेल." आणि मी, जिनं वर्गात पोरांना खरं बोला म्हणून डोस पाजले, मी इंग्रजीत सांगितलं, की ते सगळ्यांचे मनापासून आभार मानतायत. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बबनभाऊ गोंधळून माझ्याजवळ आले. "बाई, मी तर झापलं ह्यांना, ह्ये टाळ्या कशापायी वाजवत्यात?" मी म्हटलं, "आवडलं त्यांना."

हौसाबाई गेल्या त्या वर्षी मी त्यांच्यापुढे कबुली दिली. मला वाटलं रागावतील. ते एवढंच म्हणाले, "मंग आता कळवा की. पत्ता हाय न्हवं तुमच्याकडं?" पत्ता होता. मी आज लिहू, उद्या लिहू करत राहिले... पेपर तपासायचे होते, निवडणुकीची ड्युटी होती. माणसाला स्वतःची लाज लपवायची असली की कामं बरी सापडतात.

पुढे ते स्वतः आजारी पडले. शेवटचे चार महिने अंथरुणावर होते. संजय चाकणला कंपनीत, रविवारी यायचा. केलं सगळं सुनेनं, मंगलनं. आणि दशक्रियेला नदीच्या घाटावर प्रवचन झाल्यावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. नऊ जण बोलले. बबनराव म्हणजे पत्नीची सेवा करणारा आदर्श पुरुष, म्हणाले. हेच पारावर बसून त्यांना बायल्या म्हणणारे! आणि संजयनं वडिलांची केलेली सेवा तर श्रावणबाळालाही लाजवील, म्हणाले. मंगल बायकांत डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिचं नाव नऊ भाषणांत एकदाही आलं नाही. मला राहवेना. बायकांनी तिथं बोलू नये असा काही नियम नाही, फक्त बोलत कुणी नाही. मी उठून माईक मागितला. बबनभाऊ त्या दिवशी जे बोलले होते ते शब्दन् शब्द सांगितलं, मी ते कसं दडपलं तेही सांगितलं, आणि म्हटलं, इथं शेवटचं सगळं मंगलनं केलंय, तिचं नाव घ्या. सूत्रसंचालकानं माझ्या हातातून माईक घेतला. "बाईंनी अतिशय भावपूर्ण शब्दांत श्रद्धांजली वाहिली," म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. मी मारिकेपुढे बबनभाऊंचं जे केलं होतं, तेच त्यानं माझं केलं. मला राग आला, आणि तो नुसता त्याच्यावर नव्हता.

दुपारी मंगलला भेटायला घरी गेले. आतल्या खोलीत लोखंडी खाट तशीच होती. चारी पायांखाली विटा लावून उंच केलेली. हौसाबाईंच्या वेळी मी पाहिली होती तेव्हा दोन-दोन विटा होत्या, वाकून वाकून बबनभाऊंची कंबर जायला लागली म्हणून लावलेल्या. आता तीन-तीन होत्या. मी विचारलं. मंगल म्हणाली, "तिसरी मामांनीच लावाया लावली. अंथरुनाला पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हनले, तू माज्यापेक्षा उंच हायेस पोरी, ह्या उंचीवर माजं करता करता तुजी कंबर मोडंल." एवढं बोलून ती रडली. दहा दिवसांत पहिल्यांदाच, असं म्हणाली.

तेवढ्यात संजय आला. खाटेकडे बघून म्हणाला, "ह्या विटा काढून टाकतो आता."

मंगलनं पदरानं डोळे पुसले. "येक-येकच काढा," ती म्हणाली. "तुमी मामांच्याच उंचीचं हायेत. पुढच्या येळी तुमाला करायचंय."