पुराव्याची भिंत

आमच्या हॉलच्या भिंतीला भेग होती. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वरच्या बीमपर्यंत गेलेली. उन्हाळ्यात चार मिलिमीटर, पावसाळ्यात दोन. चिकलठाण्याच्या पुढं आमची रो-हाऊस आहेत, तिथं काळी माती. ती उन्हानं आकसते, पाण्यानं फुगते. पाया खाली मुरमापर्यंत न्यायला हवा होता. बिल्डरनं तो वरच थांबवला.

मी भेगेचे फोटो जोडून ग्राहक आयोगात तक्रार केली. बिल्डरचे वकील म्हणाले, फोटो कुठल्याही घराचे असू शकतात. मग आयोगानं प्रत्यक्ष पाहणीसाठी इंजिनिअर नेमायचं ठरवलं. माझ्या वकिलांनी मला बजावलं, "ते येऊन जाईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. रंगसुद्धा नाही. ती भेग म्हणजेच तुमची केस आहे."

मी हात लावला नाही. उलट भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्या. भिंत सरकली की काच तडकते. पहिली तडकली तेव्हा मला चक्क बरं वाटलं. बायको म्हणाली, "लोक घराला तोरण लावतात, तुम्ही काचा लावा." पाहणी मात्र लांबत गेली. कधी समोरचे वकील नाहीत, कधी अध्यक्षच रजेवर.

त्यात मुलीचं लग्न जमलं. साखरपुडा घरीच करायचा होता.

एका तारखेला दिवसभर आयोगात बसून, पुढची तारीख घेऊन घरी आलो तर दारात सिमेंटची रिकामी गोणी. हॉलमध्ये माझा मेहुणा उभा, मिशीला रंग लागलेला. सोयगावहून स्वतःचा गवंडी घेऊन तो सकाळीच आला होता.

"दाजी, बोट फिरवून बघा. सापडते का भेग? नुसती वरून नाय लिंपली, छिन्नीनं खोल करून भरली."

मी बोट फिरवलं. सापडली नाही.

"अन् त्या काचा कुणी लावल्या व्हत्या? लई बेकार दिसत व्हत्या. भाचीच्या साखरपुड्याला पाहुण्यांनी असली भिंत बघायची व्हय? मामा मेलाय का तिचा?"

काम खरंच नीट केलं होतं. एवढ्या वर्षांत त्या घरात नीट झालेलं ते पहिलंच काम असेल. मी त्याला चहा घे म्हणालो. रात्री बायकोला विचारलं, "तू सांगितलं नाहीस त्याला?"

"सांगितलं, नको म्हणून." दिवा मालवताना ती म्हणाली, "पण जोरात नाही सांगितलं."

साखरपुडा झाला आणि लगेच इंजिनिअर आले. भले गृहस्थ होते. भिंतीवर टॉर्च मारत म्हणाले, "इथं तर काहीच नाही."

"साहेब, थोडं खरवडून दाखवतो."

"आत नवीन सिमेंटच निघणार ना? मी जे दिसतं तेच लिहिणार." आणि त्यांनी लिहिलं : गिलावा व रंग अलीकडचा, भेग आढळली नाही.

वकिलांनी फाईल मिटली. "आता भेग परत पडली तर फेरपाहणीचा अर्ज करता येईल. मंजूर होईल असं मी म्हणत नाही."

तेव्हापासून रोज सकाळी उठून मी आधी भिंत बघायचो. माझंच घर, माझ्याच पगारातून हप्ते गेलेले, आणि ते तडकावं म्हणून मी वाट बघत होतो. बायको देवापुढं निदान लग्नापर्यंत भिंत टिकू दे म्हणत होती. दोघं एकाच सोफ्यावर बसायचो.

उन्हाळा तापल्यावर एका सकाळी कॅलेंडर खिडकीजवळच्या दुसऱ्याच खिळ्यावर दिसलं. उचलून पाहिलं. मागं, नव्या रंगावर, केसाएवढी रेघ होती. बायकोनं माझ्या आधी पाहिली होती.

"लग्न होऊ द्या आधी," ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "मग करा काय अर्ज करायचा तो."

मी मोजपट्टी लावली. अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नव्हती. एवढ्यावर कुणी फेरपाहणी देणार नाही, आणि ती चारपर्यंत जाईल तेव्हा निकालही लागून गेलेला असेल. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. बस्त्याचं विचारायला.

"अन् दाजी, भिंत कशीय आपली?"

"चांगली आहे," मी म्हणालो, आणि कॅलेंडर परत लावलं.