नागलीच्या बिस्किटांची निशानी

आई एका मंगळवारी गेली. ती आणि बाबा सिल्वाशाला होते, मी नाशिकला. फोन त्यांच्या शेजारच्या सुनंदाने केला.

दिवसकार्य आटोपून मी नाशिकला परतले, वाचनालयात कामावर जाऊ लागले. आठवड्याने सुनंदाचा पुन्हा फोन आला.

"ताई, काका जेवतच नाहीत. साखरेची गोळी मात्र टायमावर घेतात. पोटात काय, तर काकूंच्या डब्यातली बिस्किटं. तीबी संपत आली. डॉक्टर म्हणे, अशानं साखर एकदम उतरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस पकडली.

पेठ गाव सोडल्यावर रस्ता उतरू लागतो. उतारांवर नागली (नाचणी) पिकून तपकिरी झाली होती. आई मूळची कोकणातली, त्यामुळे नाचणी म्हणायची. सिल्वाशात तीस वर्षं काढल्यावर तीही नागली म्हणू लागली. बाबांना मधुमेह निघाला तेव्हा तिने मैद्याची नानकटाई बंद केली आणि नागलीचं पीठ, थोडं तूप, खजूर घालून बिस्किटं करू लागली. कृती तिने कुठे लिहिली नव्हती. मीही कधी विचारली नव्हती.

बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "माहेरी का?"

"वडील आहेत," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दुपारी कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. सिल्वाशातल्या आमलीत उतरून मी घर गाठलं. बाबा टेबलाशी बसले होते, समोर डबा.

"किती राहिलीत?"

"चार."

मी लगेच पीठ भाजायला घेतलं. आईसारखं सगळं घातलं, कुकरमध्ये वाळू तापवून ताटली ठेवली. काढताना निम्मी बिस्किटं भुगा झाली, बाकीची खालून करपली. एक बरं होतं. ते बाबांना दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि बशीत ठेवलं.

"हे आपलं नाही."

"आईसारखंच केलंय, बाबा."

"नाही."

त्यांचा हात थरथरत होता. कपाळावर घाम दिसला तशी मी धावत जाऊन साखरपाणी केलं. ते त्यांनी निमूट प्यायलं. थोड्या वेळाने हात स्थिरावला. मग मी भात वाढला, तो तसाच राहिला. बशीलाही ते शिवले नाहीत.

धावपळीचा आवाज ऐकून सुनंदा आली. तिचा नवरा इथल्या कारखान्यात आहे, ती धुळ्याकडची. तिने कुकरमध्ये डोकावून पाहिलं.

"हे काय करी राहिल्या ताई? काकू तर बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या. अन् खजूर कोरडाच घातला? दुधात भिजवायच्या त्या. मी पाहेल आहे ना!"

सकाळी डबा उघडला तर दोन बिस्किटं होती. मी नव्याने पीठ मळलं, ताटात गोळे थापले आणि बेकरीवर गेले. तिथे चार-पाच बायका आपापले ट्रे घेऊन उभ्या होत्या. म्हाताऱ्या भट्टीवाल्याने माझं ताट पाहिलं.

"बेन, निशानी (खूण) कुठे?"

"कसली?"

पुढची बाई हसली. "अहो, सगळ्यांचं एकाच भट्टीत जातं. माझी काट्याची रेघ, हिचा अंगठा. निशानी नसली तर तुमची हिच्या घरी, अन् मग भांडणं!"

भट्टीवाला वाकून पिठाचा रंग पाहत होता. "नागली? नागलीवाल्या काकींची मुलगी का? त्यांचं तर बटन असायचं. काकी दिसत नाहीत हल्ली?"

मी सांगितलं. त्याने हात पुसले.

"जाऊन बटन आणा. अर्धा कलाक (तास) थांबतो."

मी जवळजवळ पळतच घरी आले. डब्यातलं बिस्कीट उचलून पाहिलं. मधोमध एक गोल, त्यात चार ठिपके. इतकी वर्षं मी ती नक्षीच समजत होते.

"बाबा, बटण कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठून शिवणाचा डबा काढला आणि एक निळं बटण माझ्या हातावर ठेवलं.

"हे माझ्या शाळेच्या स्वेटरचं!"

"तिसरीतलं."

"पण ते हरवलं होतं. मी मार खाल्ला होता त्याच्यासाठी."

"दोन दिवसांनी सापडलं हिला. पण सांगायचं कसं? मार देऊन झाला होता."

बाबा हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी त्यांनी चप्पल घातली.

"चल. तू खोल दाबशील, चिरतील."

बेकरीच्या बाकावर बसून त्यांनी एकेका बिस्किटावर बटण टेकवलं. छत्तीस झाली. कुणी घाई केली नाही. भाजलेलं ताट घेऊन घरी आलो तेव्हा बारा वाजले होते. मी एक बिस्कीट त्यांच्यापुढे धरलं.

"आधी जेवण," बाबा म्हणाले. आईचा नियम होता तो.

त्यांनी एक भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. मग दोन बिस्किटं.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. नाशिकला चला म्हटलं, तर ते म्हणाले, "भट्टीवाल्याला रविवारचं सांगितलंय." परतीच्या वाटेवर नागलीची कापणी सुरू झाली होती. आईने मला न सांगितलेल्या आणखी काय काय गोष्टी असतील, याचा मी घाट संपेपर्यंत विचार करत होते. आता त्या विचारायला बाबाच आहेत.

आई नाही. बाबा दोन वेळा जेवतात. बटण सिल्वाशाला आहे. माझ्याकडे त्या छत्तीसातली अकरा बिस्किटं आहेत.